चढणीचे मासे

दादाने परीक्षा सोडली त्या रात्री मी एका अंधाऱ्या खोलीत उंदराच्या मेंदूकडे बघत बसले होते. २०१८ चा डिसेंबर. बाहेर बर्फ साचलं होतं आणि आत लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राची घरघर. फोन थरथरला. भारतात पहाटेचे साडेपाच वाजले असणार, म्हणून काळजात धस्स झालं आणि पटकन उचलला.

"कामात आहेस का?" दादाने विचारलं. मग थोडं थांबून म्हणाला, "बास झालं. आता फॉर्म नाही भरणार. आईला तू सांग."

सात वर्षं झाली होती. पेठेतली कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसचा डबा, भिंतीवर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. स्पर्धा परीक्षा देणारं पोर ज्या घरात आहे त्या घराला हे सगळं नव्याने सांगायला नको. चार वेळा तो मुख्य परीक्षेपर्यंत गेला, एकदा मुलाखतीपर्यंत. त्या वेळी यादीत नाव थोडक्या गुणांनी हुकलं.

मी काय बोलले ते शब्दशः आठवतं. "अरे, अजून एकदा देऊन बघ ना. इतकी वर्षं घातलीस." तो काहीच बोलला नाही. पलीकडून दुधाच्या किटलीचा आवाज आला, कोणीतरी जिना उतरून गेलं. "बरं, ठेवतो," म्हणाला.

फोन खाली ठेवून मान वर केली तेव्हा पडद्यावर उंदीर नुकताच पळायला लागला होता, आणि त्याच्या मेंदूतल्या ज्या पेशींवर मी काम करत होते त्या एकेक करत उजळत होत्या.

त्या पेशींविषयी आधी सांगते. मेंदू म्हटलं की आपल्याला चेतापेशी आठवतात, म्हणजे न्यूरॉन. पण मेंदूत त्यांच्याबरोबर ग्लिया नावाच्या पेशीही आहेत आणि माणसाच्या मेंदूत त्यांची संख्या चेतापेशींच्या बरोबरीने जाते, दोन्ही साधारण साडेआठ हजार कोटींच्या घरात. ग्लिया हे नाव रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८५६ साली दिलं. त्याने या पदार्थाला 'नेर्फेनकिट' म्हटलं. 'किट' म्हणजे खिडकीची काच बसवताना आपण भरतो ती लांबी. चेतापेशींच्या फटी बुजवणारी लांबी. शंभराहून अधिक वर्षं या पेशींकडे त्याच नजरेने पाहिलं गेलं, आणि त्याला एक साधं कारण होतं. मेंदूचं ऐकायचं म्हणजे त्यात बारीक तार घालून विजेचे ठोके ऐकायचे, एवढंच माहीत होतं. चेतापेशी ठोके देतात, ग्लिया देत नाहीत. जो बोलत नाही त्याला लांबी म्हणून मोकळं व्हायचं.

त्या बोलत होत्या, पण विजेत नव्हे. पेशीच्या बाहेर जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या दहा हजारांश भागही पेशी आत शिल्लक ठेवत नाही. सतत ऊर्जा खर्चून ते बाहेर ढकलत राहते नाहीतर आतल्या कोठारांत कोंडून ठेवते. म्हणूनच आत क्षणभर कॅल्शियम वाढलं की पेशीला तो निरोप वाटतो. १९९० च्या जानेवारीत 'सायन्स' साप्ताहिकात येल विद्यापीठातल्या चौघांचा लेख आला. त्यांनी ताटलीत वाढवलेल्या तारकापेशींवर, म्हणजे ग्लियातल्या ॲस्ट्रोसाइट जातीच्या पेशींवर, ग्लुटामेट सोडलं. हे मेंदूतलं सर्वात जास्त वापरात असलेलं निरोप्या रसायन. पेशींत आधी कॅल्शियमने चमकणारा रंग भरून ठेवला होता. एका पेशीतली चमक शेजारच्या पेशीत गेली, तिथून पुढच्या पेशीत. लाटच होती ती. लांबीत लाट कशी उठेल?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याच साप्ताहिकात, कॉर्नेल विद्यापीठातून विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांचा लेख आला. त्यांनी दोन फोटॉनवर चालणारा सूक्ष्मदर्शक बांधला होता. माझं पुढचं आयुष्य ज्या यंत्रासमोर गेलं ते हेच. नेहमीचा प्रकाश मेंदूच्या उतीत शिरला की दुधात टॉर्च मारल्यासारखा विखुरतो, खोलवरचं काही दिसत नाही. अवरक्त प्रकाश कमी विखुरतो. एका अवरक्त फोटॉनमध्ये रंग चमकवण्याएवढा जोर नसतो, पण दोन एकाच क्षणी एकाच रेणूवर आदळले तर चमक निघते. आणि एवढी गर्दी होते ती फक्त जिथे लेझरचा झोत एकवटतो त्या बिंदूशी. तो बिंदू आरशांनी हलवत हलवत, शेतात कुळव फिरवावा तसा ओळीओळीने फिरवायचा. हे घडू शकतं असं गणिताने दाखवलं होतं मारिया ग्योपर्ट-मायर या तरुणीने, १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात. तिच्या गणिताला यंत्र मिळायला साठ वर्षं लागली. तिला नोबेल मिळालं ते १९६३ साली, वेगळ्याच कामासाठी.

तिसरी वस्तू जपानमधून आली. २००१ मध्ये जुनिची नाकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन कापून, फिरवून, त्याला कॅल्शियम धरणारं प्रथिन जोडलं. कॅल्शियम आलं की हा जोडरेणू स्वतःला आवळून घेतो आणि चमकतो. गेलं की विझतो. त्याचं नाव जीकॅम्प. विषाणूच्या पाठीवर बसवून तो हव्या त्या जातीच्या पेशीत पोचवता येतो, आणि मग ती पेशी स्वतःच आपला दिवा बनवत राहते.

एवढं सगळं जुळून आल्यावर उंदराच्या कवटीचा शर्टाच्या बटणापेक्षाही लहान तुकडा काढून तिथे गोल काच बसवायची, दाताचे डॉक्टर वापरतात त्या सिमेंटने पक्की करायची. हे काम पूर्ण भूल देऊन, वेदनाशामक देऊन होतं, आणि नंतर उंदराला आठवडे बरं व्हायला द्यावे लागतात. माझे हात पहिल्या वर्षी फार थरथरायचे. एखाद्या दिवशी हातून रक्तवाहिनी दुखावली की मी रात्री जेवत नसे. आजही ज्यांना हे काम सहज वाटतं त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते. एका जिवाच्या डोक्यात खिडकी पाडायची तर त्या खिडकीतून काहीतरी नीट बघितलंच पाहिजे, एवढं तरी आपण त्या जिवाचं देणं लागतो.

आणि पहिलं वर्षभर मी नीट बघत नव्हते. उंदीर जागा असला की हलतो, चित्र हलतं, म्हणून आम्ही त्याला हलकी भूल देऊन टेबलावर ठेवायचो. मिशांना हवेचा झोत द्यायचा आणि तारकापेशींकडे बघायचं. माझ्या त्या वर्षीच्या वहीत पानामागून पान एकच नोंद आहे: प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. कधी एखादी पेशी आपल्याच नादात लुकलुकायची, बस. मला वाटायला लागलं होतं की येलच्या त्या लाटा ताटलीतल्याच असाव्यात, जिवंत मेंदूत खरोखर लांबीच असावी.

खरं तर उत्तर आधीच छापून आलेलं होतं, मीच ते मनावर घेतलं नव्हतं. २००८ मध्ये मृगांक सूर यांच्या अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने फेरेट प्राण्याच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात दाखवलं होतं की तारकापेशी डोळ्यासमोरच्या रेघांना नेमका प्रतिसाद देतात, काही सेकंद उशिरा. मात्र भुलीचा डोस थोडा वाढवला की चेतापेशी बोलत राहतात आणि तारकापेशी गप्प होतात. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने जाग्या, धावणाऱ्या उंदराच्या लहान मेंदूत ग्लियाच्या शेकडो पेशी एकदम पेटताना पाहिल्या. भूल दिल्यावर ते भडके नाहीसे झाले. २०१२ मध्ये जाग्या उंदरांवरच्या आणखी एका अभ्यासाने तेच पक्कं केलं. म्हणजे आधी आपण विजेने ऐकलं, तिथे त्या बोलल्या नाहीत. मग प्रकाशाने बघायला शिकलो, तर त्यांना झोपवून बघत बसलो.

शेवटी प्रयोगशाळेतल्या एका वयस्कर तंत्रज्ञ बाईंनी मला हवेवर तरंगणारा थर्माकोलचा गोळा लावून दिला. उंदराचं डोकं एका पट्टीत स्थिर, पाय गोळ्यावर मोकळे. दहा-बारा दिवस रोज थोडा वेळ त्याला तिथे बसवायचं, गोड दूध पाजायचं, घाई करायची नाही. मग एका संध्याकाळी लेझर चालू केला.

पडद्यावर आधी करड्या-हिरव्या ठिपक्यांचा पाऊस. डोळा सरावला की तारकापेशी दिसायला लागतात: झुडपासारखी, असंख्य बारीक फांद्यांची, प्रत्येकीचं आपलं क्षेत्र ठरलेलं. शेजारणीच्या हद्दीत तिची फांदी जवळजवळ जात नाही. आमच्या भोरकडे डोंगरउतारावरची भातखाचरं वरून बघावीत तशी, बांधाला बांध लागलेली. मधून काळे ओहोळ जातात त्या रक्तवाहिन्या, आणि त्यांच्या काठाला तारकापेशींची पावलं घट्ट टेकलेली. उंदीर स्वस्थ होता. मग त्याने मिशा हलवल्या, गोळ्यावर दोन पावलं टाकली आणि पळायला लागला. एक सेकंद काहीच नाही. दुसऱ्या सेकंदाला एका खाचरात उजेड आला, मग शेजारच्या, मग सगळा पडदा हिरवा. ढग बाजूला झाल्यावर उतारावर ऊन पसरतं तसा. दहा-पंधरा सेकंदांनी तो उजेड ओसरला. मी त्या बाईंचा हात धरला होता, हे मला नंतर कळलं.

आता माहीत आहे की हा उजेड पावलांमुळे येत नाही. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलिअस नावाचा एक निळसर ठिपका आहे. उंदीर दचकला, सावध झाला, धावला की तिथल्या चेतापेशी सगळ्या मेंदूभर नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन शिंपडतात, आणि तारकापेशी त्याच्यामुळे जाग्या होतात. भुलीत ते शिंपणंच मंदावतं.

दादाचा फोन आला ती अशीच एक संध्याकाळ होती. यापूर्वी तो उजेड दोनशे वेळा तरी पाहिला असेन. त्या दिवशी मला तो बघवेना. यंत्र बंद करून घरी आले.

२०१९ च्या जूनमध्ये 'सेल' नियतकालिकात मिशा आहरेन्स यांच्या गटाचा लेख आला. अमेरिकेतल्या जेनेलिया संशोधन केंद्रातलं काम. ते मी बसमध्ये वाचलं आणि उतरायचा थांबा चुकला. त्यांचा प्राणी होता झेब्राफिश, आठवड्याभराचं पिल्लू, चार मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक. त्याच्या मेंदूला खिडकी पाडावी लागत नाही. प्रकाशाचा पातळ पापुद्रा बाजूने सरकवत नेला की अख्खा मेंदू सेकंदा-दोन सेकंदांत टिपता येतो.

या पिल्लाची एक सवय आहे. तळाशी पट्टे पुढे सरकताना दिसले की त्याला वाटतं आपण प्रवाहात मागे वाहून चाललोय, आणि ते पोहायला लागतं. प्रयोगात पिल्लाचं शरीर स्थिर केलेलं असतं. शेपटीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश वाचून, त्याने जेवढा जोर लावला तेवढे पट्टे मागे सरकवले जातात. म्हणजे त्याच्या लेखी ते पोहतंच आहे. मग संशोधक ही जोडणी तोडतात. आता पिल्लू कितीही शेपूट मारो, पट्टे जागचे हलत नाहीत.

पिल्लू आधी काय करतं? जास्त जोर लावतं. आणखी जोर लावतं. मग एकदम थांबतं. शेपूट सोडून स्वस्थ पडून राहतं. आणि थोड्या वेळाने परत एकदा मारून बघतं.

थांबायचं केव्हा, हे कोण ठरवतं? मेंदूच्या खोडातल्या काही नॉरॲड्रेनलिनवाल्या चेतापेशी, मारलेला हात वाया गेला की दरवेळी ठोके देतात. त्यांचा निरोप जातो ग्लियाकडे, तारकापेशींच्या माशातल्या बहिणींकडे. त्या पेशींत कॅल्शियम थेंबाथेंबाने चढत जातं. वाया गेलेला एक प्रयत्न, अजून एक, अजून एक. घडा भरला की त्या पेशी पोहण्याला आवर घालणाऱ्या चेतापेशींना जागं करतात आणि शेपूट थांबते. संशोधकांनी लेझरने त्या ग्लिया पेशी काढून टाकल्या, तर पिल्लाला नीट थांबता येईना. फुकट जाणारं पोहणं चालूच राहिलं. उलट त्याच पेशी मुद्दाम चेतवल्या, तर पोहणं कामी येत असतानाही पिल्लू थांबलं.

बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून मी चालत परत आले. हात टेकणं म्हणजे काहीतरी संपणं, बॅटरी उतरणं, असंच मी धरून चालले होते. दादाला "अजून एकदा" म्हणताना माझ्या मनात तेच होतं, की याचं अवसान गळलंय, थोडं भरून द्यावं. इथे तर दमलेल्या शेपटीचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी वाया गेलेल्या प्रत्येक फटकाऱ्याचा हिशेब ठेवत होतं आणि वेळ आल्यावर थांबवत होतं. माशाच्या मेंदूवरून माणसाच्या सात वर्षांचा ताळा मांडता येत नाही, हे मला कळतं. तरी तो हिशेब दादाने एकट्याने, पेठेतल्या त्या खोलीत, किती रात्री केला असेल, हा विचार मला त्या बसथांब्यापर्यंत एकदाही आला नव्हता.

या शास्त्रात भांडणंही आहेत आणि ती खरी आहेत. कॅल्शियम दिसलं म्हणजे अर्थ कळला असं होत नाही. तारकापेशींतलं मुख्य कॅल्शियमचं कोठार उघडणारं दार ज्यांच्यात नाही असे उंदीर तयार केले गेले. त्यांच्या पेशींचं धड गप्प झालं आणि तरी चेतापेशींच्या जोडांचं काम बिनबोभाट चालू राहिलेलं दिसलं. २०१० च्या सुमाराला त्यावरून अनेकांनी सगळा विषयच मोडीत काढला. मग २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गटाने दाखवलं की त्याच उंदरांच्या बारीक फांद्यांत कॅल्शियम अजून लुकलुकतंय. आपणच फक्त धडाकडे बघत होतो. त्यातल्या कित्येक फांद्या आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या ताकदीपेक्षाही बारीक आहेत. मी स्वतः कित्येक महिने पेशीच्या धडाभोवती गोल काढून आतली चमक मोजत होते, चेतापेशींसाठी मोजतात तशी. फांदीत उठून फांदीतच विझणारे ठिणगीएवढे निरोप माझ्या गोलात कधी आलेच नाहीत.

लोक मला सांगतात, अगं म्हणजे या पेशी घरातल्या बाईसारख्या, राबतात आणि नाव होत नाही. मायेने म्हणतात, पण मला ती उपमा आवडत नाही. बाईचं न दिसणं हे कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि पेशीला नावाची भूक नसते. दोघींना एका वाक्यात घालून दोघींचंही नीट बघायचं राहून जातं.

अलीकडे हे काम पुढे गेलंय. २०२५ च्या लेखांतून कळलं की माशाच्या ग्लिया थांबवण्याचा निरोप एटीपी नावाच्या रेणूतून धाडतात, त्याचं बाहेर ॲडेनोसिन होतं आणि ते शेपटीला आवरतं. आणि केटामाइन, जे भुलीचंही औषध आहे आणि हल्ली नैराश्यावरही देतात, ते दिलेली पिल्लं औषध उतरल्यानंतरही लवकर हात टेकत नाहीत. या नॉरॲड्रेनलिन आणि ग्लियाच्या जोडीची धार त्याने बोथट झालेली असते. हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. थांबताच न येणारा मासाही मी वाचलेला आहे.

माशाचा तो पहिला लेख बसमध्ये वाचला त्या वर्षी, २०१९ मध्ये, पाऊस उशिरा आला. जुलैच्या सुरुवातीला मी सुट्टीवर गावी पोचले तेव्हा भाताची रोपं नुकतीच वर आली होती. दादा घरीच होता, शेत बघत होता. फोनवरच्या त्या पहाटेनंतर आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो. पडवीत बसून मी त्याला त्या माशाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं आणि पट्ट्यांवर पोहणाऱ्या पिल्लाची चित्रफीत फोनवर दाखवली. शेपूट, शेपूट, शेपूट. मग काही नाही.

"मेला का?" त्याने विचारलं.

"नाही रे. थोड्या वेळाने परत मारतो."

त्याने ती पुन्हा लावायला सांगितली. "हा मासा कुठला?"

मी म्हटलं, आपल्याकडचाच. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला. १८२२ मध्ये हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात पहिल्यांदा त्याची नोंद केली, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या टाक्या आहेत.

तो उठला, खुंटीवरची छत्री घेतली. "चल, तुला दाखवतो."

ओढ्याला आमच्या खालच्या बांधाशी हातभर उंचीची पायरी आहे. पाणी तांबडं, जोरात उडी घेणारं. पहिल्या पावसात तिथे चढणीचे मासे येतात, लहानपणी आम्ही पंचा धरून पकडायचो. बोटाएवढे मासे पाण्याच्या धारेत घुसत होते, अंग वाकडं करून उसळत होते आणि परत खाली पडत होते.

"तिकडे नको बघू," दादा म्हणाला. "इथे बघ." पायरीच्या बाजूला एक मोठा दगड होता, त्याच्या मागे पाणी संथ. तिथे दहा-बारा मासे नुसते तरंगत होते, शेपटीही हलत नव्हत्या. "हे पडलेले. इथे येऊन थांबतात, मग परत जातात."

"किती वेळ थांबतात?"

"कधी मोजलं नाही."

आम्ही दोघं पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभे राहून मोजायला लागलो. दादा मोठ्याने मोजत होता, लहानपणी लपाछपीत मोजायचा तसा. एकवीसला पहिला मासा दगडामागून बाहेर पडला.